उगवतीचा उजेड आणि ढासळता कडा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, एक्समथ शहराजवळच्या ऑरकोम पॉइंटपासून पूर्वेकडे स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंत सुमारे १५० किलोमीटर लांबीचा जो पट्टा पसरलेला आहे, त्याला ‘जुरासिक कोस्ट’ असे म्हणतात. ट्रायासिक, जुरासिक आणि क्रिटेशियस या तीन भूशास्त्रीय कालखंडांतील, म्हणजेच सुमारे साडेअठरा कोटी वर्षांच्या इतिहासाचे खडक येथे पश्चिमेकडून पूर्वेकडे साधारणपणे कालक्रमानेच उघडे पडलेले आहेत आणि त्यामुळे २००१ साली युनेस्कोने या किनाऱ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. याच किनाऱ्यावरील ‘डर्डल डोअर’ ही चुनखडकाची नैसर्गिक कमान आणि ‘ओल्ड हॅरी’ हे पांढऱ्या चॉक खडकाचे सुळके पहाटेच्या छायाचित्रणासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. अशा छायाचित्रांचे श्रेय सामान्यतः महागड्या कॅमेऱ्याला किंवा त्या दिवशी लाभलेल्या आकाशाला दिले जाते. प्रत्यक्षात मात्र खडकाची झीज, समुद्राची भरती-ओहोटी आणि ऋतूनुसार सरकणारे सूर्योदयाचे स्थान या तीन गोष्टींचा मेळ कोणत्या दिवशी व कोणत्या घटकेला बसेल, हे आधी ओळखण्यावर ते छायाचित्र उभे असते. कॅमेऱ्याचे तंत्र हा त्यानंतरचा भाग आहे, आणि कड्याजवळ उभे राहणाऱ्याची सुरक्षितताही याच ओळखीवर अवलंबून असते.

कडा आणि सुळका कसे घडतात

समुद्रातून एकटाच उभा राहिलेला खडकाचा सुळका, ज्याला भूगोलाच्या परिभाषेत सागरी स्तंभ म्हणतात, तो एकेकाळी जमिनीचाच भाग असतो. खोल पाण्यातून येणारी लाट किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शिरताच मंदावते. तिचा जो भाग आधी उथळात येतो तो आधी मंदावतो आणि उरलेला भाग पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो, त्यामुळे संपूर्ण लाट वळते. या वळण्याला लाटांचे वक्रीभवन म्हणतात आणि त्याचा परिणाम असा होतो, की समुद्रात घुसलेल्या भूशिरावर लाटांची शक्ती दोन्ही बाजूंनी एकवटते, तर दोन भूशिरांमधल्या उपसागरात ती विखुरते. भूशिराच्या खडकात ज्या उभ्या भेगा असतात त्यांत पाणी आदळले, की आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि लाट मागे फिरताच ती एकदम मोकळी होते. हा ताण वारंवार बसून भेग रुंदावते. लाटेबरोबर येणारे गोटे आणि वाळू खडक घासतात, खाऱ्या पाण्यातील मिठाचे स्फटिक त्याची छिद्रे फोडतात, थंड प्रदेशात भेगांतील पाणी गोठून प्रसरण पावते आणि तेही खडक उकलत जाते.

अशा रीतीने भेगेची गुहा होते, भूशिराच्या दोन्ही बाजूंच्या गुहा एकमेकींना मिळाल्या की आरपार कमान तयार होते, कमानीचे छत एक दिवस स्वतःच्याच वजनाने कोसळते आणि बाहेरचा खांब सुटा उरतो. पुढे त्या खांबाचाही पाया कुरतडला जाऊन तो पडतो, आणि ओहोटीला दिसणारा एक बुटका खुंट तेवढा शिल्लक राहतो. गुहा, कमान, सुळका आणि खुंट या एकाच प्रक्रियेच्या चार पायऱ्या आहेत. ओल्ड हॅरीच्या परिसरात त्या सगळ्या थोड्याशा अंतरात पाहावयास मिळतात. तेथे ‘ओल्ड हॅरीची पत्नी’ म्हणून ओळखला जाणारा शेजारचा सुळका १८९६ साली कोसळला आणि आता त्याचा केवळ खुंट उरला आहे.

ओल्ड हॅरीचा खडक चॉक, म्हणजे अतिशय शुद्ध, पांढरा आणि तुलनेने मऊ असा चुनखडक आहे. क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धातील उबदार समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनायुक्त कवचे तळाशी साचून तो बनला. त्याच चॉकची एक सलग रांग एकेकाळी येथून पूर्वेला वाइट बेटावरील ‘नीडल्स’ नावाच्या सुळक्यांपर्यंत गेलेली होती. समुद्राने ती मध्येच फोडली आणि तिची दोन टोके आज समोरासमोर उभी आहेत. डर्डल डोअरची रचना मात्र वेगळी आहे. आल्प्स पर्वत घडवणाऱ्या भूहालचालींच्या दूरच्या परिणामाने तेथील खडकांचे थर जवळजवळ उभे झाले आहेत. त्यांतील कठीण पोर्टलंड चुनखडकाची समुद्रालगतची भिंत टिकून राहिली, समुद्राने ती जेथे जेथे फोडली तेथून आत शिरून मागची मऊ माती व वाळूचे थर धुऊन नेले, आणि त्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्याला आरपार भोक पडून ही कमान तयार झाली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण खडक कोणता आणि त्याचे थर कोणत्या दिशेने कललेले आहेत यावरच सकाळचा तिरपा उजेड त्याच्या पृष्ठभागावर कोणत्या रेषा उमटवणार हे ठरते.

सूर्योदयापूर्वीचा प्रकाश

पहाटेचा प्रकाश सूर्य वर येण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना आकाश प्रथम किंचित उजळू लागते. १८ ते १२ अंशांपर्यंतच्या अवस्थेला खगोलीय, १२ ते ६ अंशांपर्यंतच्या अवस्थेला नाविक आणि ६ अंशांपासून सूर्योदयापर्यंतच्या अवस्थेला नागरी संधिप्रकाश म्हणतात. नाविक संधिप्रकाशात समुद्राचे क्षितिज ओळखू येते, म्हणून पूर्वीचे दर्यावर्दी याच वेळी क्षितिजापासून ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे स्थान ठरवीत. कड्याची बाह्यरेषा आकाशावर स्पष्ट उमटते तीही याच अवस्थेत, तर नागरी संधिप्रकाशात खडकाचे रंग आणि पोत दिसू लागतात.

या काळात आकाशाला जी गडद निळाई येते तिचे कारण दुहेरी आहे. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात हे सर्वपरिचित आहे. परंतु सूर्य क्षितिजाखाली असताना डोक्यावरचे आकाश निळे राहण्यात वातावरणाच्या उंच थरातील ओझोनचाही मोठा वाटा असतो, कारण तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो. सूर्य क्षितिजावर आल्यावर त्याचे किरण माथ्यावरून येणाऱ्या किरणांच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतात, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि उरतो तो तांबूस-सोनेरी प्रकाश. पांढऱ्या चॉकवर हा प्रकाश पडला की तो कडा काही मिनिटे गुलाबी, मग केशरी आणि शेवटी फिकट पिवळा दिसतो. पांढऱ्या पृष्ठभागाला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्याने आकाशातला प्रत्येक बदल त्यावर उमटतो. याच चॉकचे कडे खाडीपलीकडे फ्रान्समधील एत्रता येथे आहेत. १८८० च्या दशकात क्लोद मोने तेथे चित्रे रंगवीत असताना उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत असे, आणि त्यामागचे कारणही हेच होते.

याच वेळी पाठीमागे, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, एक दुसरे दृश्य घडत असते आणि बहुतेकांचे त्याकडे लक्ष जात नाही. पश्चिम क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा दिसतो, तो पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली असते; तिच्या वरच्या कडेला असणाऱ्या गुलाबी पट्ट्याला ‘शुक्राचा पट्टा’ असे नाव आहे. सूर्य वर येऊ लागतो तशी ही सावली क्षितिजात उतरत जाते. कोकणच्या खुल्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सूर्य सह्याद्रीच्या बाजूने उगवत असल्यामुळे तेथे पहाटेचे छायाचित्रण निष्फळ मानले जाते. परंतु हिवाळ्यातील स्वच्छ हवेत हीच सावली आणि हाच गुलाबी पट्टा तेथे थेट समुद्रावर दिसतो, आणि पौर्णिमेच्या आसपास मावळता चंद्रही त्याच आकाशात असतो. कडे त्या वेळी सौम्य, सावलीविरहित प्रकाशात असतात, त्यामुळे जांभ्याचा तांबडा आणि काळ्या कातळाचा करडा हे रंग भर उन्हात दिसतात त्यापेक्षा अधिक खोल दिसतात.

सूर्य कोठे उगवतो

सूर्य पूर्वेला उगवतो हे विधान वर्षातून केवळ दोन दिवस, विषुवदिनांच्या सुमारास, काटेकोरपणे खरे असते. उत्तरेकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेल्या कोनाला दिगंश म्हणतात, आणि पूर्व दिशेचा दिगंश ९० अंश असतो. कोकणात, १८ अंश अक्षांशाच्या जवळपास, सूर्योदयाचा दिगंश जूनमध्ये सुमारे ६५ आणि डिसेंबरमध्ये सुमारे ११५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे वर्षभरात सूर्योदयाचे ठिकाण क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. डर्डल डोअर व ओल्ड हॅरी ज्या परगण्यात आहेत तो डॉर्सेट साडेपन्नास अंश अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे तेथे हीच सरक ८० अंशांच्या जवळ जाते. जूनमध्ये सूर्य ईशान्येला आणि डिसेंबरमध्ये आग्नेयेला उगवतो.

डर्डल डोअरचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र, ज्यात उगवता सूर्य कमानीच्या भोकातून दिसतो, ते डिसेंबर-जानेवारीच्या सुमारासच का घेता येते याचे उत्तर या आकड्यांत आहे. कमानीच्या पश्चिमेकडील पुळणीवरून पाहिले असता तिचे भोक आग्नेयेच्या बाजूला येते आणि सूर्य तितका दक्षिणेकडे सरकून उगवतो तो हिवाळ्यातच. जूनमध्ये तो त्याच वेळी जमिनीच्या बाजूला, टेकड्यांमागे असतो. ओल्ड हॅरीचे टोक पूर्वेकडे समुद्रात गेलेले असल्यामुळे तेथे वर्षभर सकाळचा उजेड मिळतो, मात्र कड्याची कोणती बाजू उजळेल हे ऋतूवर ठरते: सुळक्यांच्या उत्तरेकडील भिंतींवर सूर्याचे थेट किरण उन्हाळ्याच्या सकाळीच पडतात आणि हिवाळ्यात त्या भिंती सावलीत राहतात. आज कोणत्याही ठिकाणचा व दिवसाचा दिगंश मोबाइलवरील ॲपमध्ये नकाशावर रेषा काढून पाहता येतो, तरीही ती रेषा कशामुळे सरकते हे ठाऊक असलेला माणूस त्या ॲपचा उपयोग अधिक चांगला करतो.

अक्षांशाचा दुसरा परिणाम कालावधीवर होतो. कोकणात सूर्य क्षितिजावरून बराच उभा वर चढतो, त्यामुळे नागरी संधिप्रकाश अवघा २२ ते २५ मिनिटांचा असतो. डॉर्सेटमध्ये सूर्याची वाट क्षितिजाशी तिरपी असल्याने तोच काळ अर्ध्या तासाहून अधिक लांबतो आणि सूर्योदयानंतरचा सोनेरी उजेडही दीर्घकाळ टिकतो. उत्तर युरोपातील छायाचित्रणाच्या पुस्तकांत दिलेल्या वेळा जशाच्या तशा पाळणारा छायाचित्रकार आपल्याकडे योग्य वेळ चुकवतो तो या फरकामुळे.

भरती-ओहोटीचे गणित

तिसरे वेळापत्रक समुद्राचे असते. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत सूर्य व चंद्र यांच्या ओढीचा एकत्रित परिणाम होऊन भरती सर्वांत उंच व ओहोटी सर्वांत खोल जाते, याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी एकमेकींना काटकोनात असल्यामुळे पाण्याची चढउतार कमी होते, त्या अवस्थेला भांग म्हणतात. भरतीची वेळ दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते, हा कोकणातील दर्यावर्दी मंडळींचा जुना हिशेब याच सरकण्यावर बेतलेला आहे: अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या आसपास भरती येते.

या हिशेबातून छायाचित्रकाराच्या उपयोगाचा एक निष्कर्ष निघतो. एखाद्या ठिकाणी उधाणाच्या भरतीची घड्याळी वेळ वर्षभर साधारण तीच राहते. मुंबई व उत्तर कोकणात ती दुपारी बाराच्या पुढेमागे असल्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे खोल ओहोटी मिळते आणि लाटांनी तासून सपाट केलेला खडकाचा मंच, त्यातील डबकी व कपारी उघड्या पडतात. अष्टमीला पहाट आणि भरती एकत्र येतात, त्यामुळे पाणी कड्याच्या पायाशी भिडलेले असते. ज्याला डबक्यांतील आकाशाचे प्रतिबिंब हवे त्याने पहिला दिवस निवडावा आणि ज्याला पाण्यातून उगवल्यासारखा सुळका हवा त्याने दुसरा.

प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव मात्र वेगळा असतो. मुंबईजवळ उधाणात पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते, तर ओल्ड हॅरीजवळच्या समुद्रात हा फरक पुष्कळ कमी आहे आणि शेजारच्या पूल बंदरात एकाच भरतीची दोन शिखरे येतात, त्यामुळे तेथे साध्या हिशेबापेक्षा अधिकृत भरती-कोष्टकच पाहावे लागते. जेथे चढउतार कमी असते तेथे दृश्य ठरवण्याचे काम भरतीपेक्षा लाटांची उंची व वाऱ्याची दिशा अधिक करतात. दूरच्या वादळातून निघालेली लांब, संथ लाट, जिला फुगवटा म्हणता येईल, ती वारा नसतानाही कड्यावर मोठा फेसाळ मारा करू शकते.

कॅमेऱ्यापुढचा जुना पेच

पहाटेच्या समुद्रदृश्याची मुख्य तांत्रिक अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे समुद्र व खडक नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण पांढरे पडे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास आपल्या काही समुद्रचित्रांत यावर उपाय योजला: आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन वेगवेगळ्या निगेटिव्ह काचा वापरून त्याने एकच चित्र छापले. आजही पेच तोच आहे. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात; आजचे उत्तम संवेदक सुमारे १४ स्टॉपची व्याप्ती टिपतात, परंतु उगवता सूर्य आणि त्याच्याकडे पाठ असलेली कड्याची काळोखी बाजू एकाच चौकटीत आली की ही व्याप्तीही अपुरी पडते.

त्यासाठी वरून गडद व खाली पारदर्शक असा श्रेणीबद्ध फिल्टर वापरण्याची प्रथा आहे. मोकळ्या समुद्राच्या सरळ क्षितिजावर तो उत्तम काम करतो, पण सुळका किंवा कमान क्षितिजरेषा ओलांडून वर जात असल्यामुळे तिचा माथा विनाकारण काळवंडतो. म्हणून सागरी स्तंभांच्या बाबतीत अनेक छायाचित्रकार तिपाईवरून वेगवेगळ्या प्रकाशमानांची तीन किंवा अधिक छायाचित्रे घेऊन नंतर ती जोडतात. लाटा प्रत्येक छायाचित्रात निराळ्या असल्यामुळे जोडताना समुद्राचा भाग एकाच छायाचित्रातून घ्यावा लागतो, अन्यथा पाण्यात भुतासारख्या दुहेरी कडा दिसू लागतात.

पांढऱ्या चॉकचा आणखी एक प्रश्न आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. चौकटीचा बराच भाग उजळलेल्या पांढऱ्या कड्याने व्यापला असेल तर तो चित्र गडद करतो आणि कडा मळका दिसतो. तेव्हा प्रकाशमान थोडे वाढवावे लागते, मात्र प्रमाणाबाहेर वाढवल्यास पांढऱ्यातील बारीक पोत कायमचा नाहीसा होतो. उजळ ते काळोख्या छटांची वाटणी दाखवणारा हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहून, त्याचे उजवे टोक कापले जाणार नाही इतपत ही वाढ करणे योग्य ठरते. काळा कातळ असेल तर अडचण उलट्या बाजूने येते आणि प्रकाशमान घटवावे लागते.

शटर किती वेळ उघडे ठेवावे हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी तो अर्थाचा आहे. सेकंदाच्या पाचशेव्या किंवा हजाराव्या भागात लाटेचा प्रत्येक तुषार गोठतो आणि समुद्राचा आघात दिसतो. पाव ते एक सेकंदात परतणाऱ्या पाण्याच्या रेषा उमटतात व खडकावरून पाणी कोणत्या वाटेने उतरते ते कळते. तीस सेकंद किंवा त्याहून अधिक काळ ठेवल्यास समुद्र धुक्यासारखा सपाट होतो. प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करणारा दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावला की तिसाव्या भागाची वेळ चौतीस सेकंदांच्या आसपास जाते आणि सूर्योदयानंतरही हा परिणाम साधतो. हा शांत, दुधाळ समुद्र लोकप्रिय आहे, परंतु ज्या लाटांनी तो सुळका कोरला त्याच त्या चित्रातून पुसल्या जातात याचे भान निवड करताना असावे. खडकाच्या घडणीबद्दल काही सांगणारे चित्र हवे असेल, तर मधली वेळ बहुधा अधिक बोलकी ठरते.

रचनेचे नियमही या दृश्याच्या स्वरूपातूनच निघतात. एकामागे एक असलेले सुळके चौकटीत एकमेकांवर चढले तर त्यांचा एकच बेढब ढिगारा दिसतो. छायाचित्रकार दोन-चार पावले बाजूला सरकला, की त्यांच्यामध्ये समुद्राची एक फट उघडते आणि प्रत्येक सुळका स्वतंत्र उभा राहतो. रुंद कोनाचे भिंग जवळचा खडक मोठा आणि दूरचा सुळका लहान करते, तर लांब पल्ल्याचे भिंग सुळक्यांची रांग जवळ ओढून आणते. जवळचे डबके आणि दूरचा कडा दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर पूर्ण आकाराच्या संवेदकावर २४ मिलिमीटरचे भिंग व एफ/११ छिद्र ठेवून सुमारे पावणेदोन मीटरवर केंद्रित केल्यास साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. छिद्र यापेक्षा फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्यामुळे, एकूण चित्र मऊ पडते. कड्याची उंची सांगण्यासाठी चौकटीत माणूस, होडी किंवा पक्षी असे ओळखीचे माप असणे उपकारक ठरते.

देखणेपणा आणि धोका यांचे मूळ एक

कडा उभा, ताजा आणि रेखीव दिसतो याचा अर्थच असा, की तो नुकताच कधीतरी ढासळला आहे. ढासळणे थांबलेला कडा हळूहळू उतार बनतो आणि त्यावर गवत वाढते. त्यामुळे छायाचित्रासाठी सर्वांत आकर्षक जागा बहुधा सर्वांत अस्थिरही असते. जुलै २०१२ मध्ये याच किनाऱ्यावर बर्टन ब्रॅडस्टॉक येथे दरड कोसळून पुळणीवर असलेल्या एका व्यक्तीचा मृत्यू झाला, आणि एप्रिल २०२१ मध्ये सीटाउनजवळ कड्याचा सुमारे ३०० मीटर लांबीचा भाग खाली आला, ज्यात अंदाजे ४,००० टन खडक होता. दीर्घ पावसानंतर भेगांत साचलेले पाणी खडक सैल करते, म्हणून धोका तेव्हा वाढतो. परंतु कोरड्या दिवसांतही दरडी कोसळतात आणि बहुतेकदा कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही.

यावरून निघणारे नियम थोडे आहेत, पण ते अंधारात पाळायचे असल्यामुळे आदल्या दिवशीच्या उजेडात जागा पाहून ठेवणे हा त्यांतील पहिला होय. चॉकच्या कड्याची कडा वरून भक्कम वाटली तरी खालून ती कोरली जाऊन अधांतरी असू शकते, म्हणून काठापासून अंतर राखावे. तसेच पायथ्याशीही कड्याला टेकून उभे राहू नये, आणि जेथे ताज्या, टोकदार दगडांचा ढीग दिसेल तेथून दूर व्हावे. ओहोटीला सुळक्यांच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते तेव्हा परतीची वाट भरतीने किती वाजता बंद होईल हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे कातळातून खाली उतरून समुद्रालगत जाणारा प्रदक्षिणामार्ग भरतीच्या वेळी धोक्याचा ठरतो, आणि त्या मार्गावर झालेल्या दुर्घटना हेच सांगतात, की ओल्या, शेवाळलेल्या खडकावर एखादी मोठी लाट येण्यास दिवसभराचा शांत समुद्र आडकाठी करीत नाही. कड्यांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्यांच्यापासून दूर राहणे आणि ड्रोन उडवण्यापूर्वी देशाचे नियम व जागेच्या मालकाची परवानगी पाहणे, हेही याच शिस्तीत येते.

नोंद म्हणून छायाचित्र

सागरी स्तंभ आणि कमानी भूशास्त्रीय दृष्टीने अल्पायुषी असतात, आणि त्यांचा शेवट माणसाच्या आयुष्यातही घडताना दिसतो. वाइट बेटाच्या नीडल्समधील उंच, सुईसारखा सुळका १७६४ च्या वादळात पडला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर ‘लंडन ब्रिज’ या कमानीचा जमिनीला जोडलेला भाग जानेवारी १९९० मध्ये कोसळला आणि टोकावर अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. त्याच किनाऱ्यावरील ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ समूहातील एक सुळका जुलै २००५ मध्ये नष्ट झाला. माल्टा देशातील गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ ही कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळी समुद्राने पाडली. अशा प्रत्येक ठिकाणची जुनी छायाचित्रे आता भूशास्त्रीय पुरावा झाली आहेत, कारण एकाच जागेवरून वेगवेगळ्या वर्षी घेतलेली चित्रे शेजारी ठेवली की झीज कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने झाली हे वाचता येते. अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून कड्याचे त्रिमितीय मापन करण्याची छायामिती नावाची पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या उपयोगासाठी छायाचित्राने सत्याशी काही करार पाळावा लागतो. आजच्या संपादन-प्रणालींत मूळ आकाश काढून दुसरे बसवणे क्षणाचे काम झाले आहे, परंतु प्रकाशाची दिशा खोटी पडली की जाणत्या वाचकाला ते लगेच कळते: डर्डल डोअरच्या कमानीतून जूनमध्ये सूर्योदय दिसू शकत नाही, आणि कोकणच्या खुल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून वर येणारा सूर्य ‘सकाळ’ या मथळ्याखाली छापला, तर ते मावळतीचे चित्र असते. छटा उजळवणे किंवा दोन प्रकाशमाने जोडणे हे ल ग्रेच्या काळापासून चालत आलेले कसब आहे; ऋतू, दिशा आणि पाण्याची पातळी बदलणे म्हणजे मात्र त्या ठिकाणाबद्दल चुकीची माहिती देणे होय. म्हणून छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, उभे राहण्याची नेमकी जागा, भिंगाची लांबी आणि भरतीची अवस्था नोंदवून ठेवणे हा या छंदाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त भाग आहे. हरिहरेश्वरपासून देवगडपर्यंतच्या कड्यांची अशी दिनांकित चित्रे हौशी छायाचित्रकारांनी दरवर्षी एकाच जागेवरून घेतली, तर कोकणचा किनारा कोठे आणि किती झिजतो आहे याचा एक भरवशाचा दस्तऐवज फारशा खर्चाशिवाय तयार होऊ शकेल.